टोपली एक वीत वर

आत्याने मला तिच्या खड्ड्यापर्यंत जाऊच दिलं नाही. वाटेतच, केवड्याच्या झाडापाशी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"यंत्र घेऊन आलीस?"

"कामावर आलेय, आत्या."

"मग काम कर की. गावात एकतीस खड्डे आहेत. तीस मोज आणि जा."

"एकतीस मोजायचेत."

"रोतिया, तुझ्या बापाला पोहायला मी शिकवलं. मला आकडे शिकवू नकोस."

एवढं बोलून ती वळली आणि चुलीकडे गेली. मी आले म्हणून तिने सकाळीच मासे भाजून ठेवले होते. जेवायला वाढताना माशाचं डोकं मात्र माझ्याच पानात घातलं.

आमच्या बिकेराओईत जमीन म्हणजे प्रवाळाचा भुगा. त्यावर काही पिकवायचं तर पुरुषभर खोल खणायचं, गोडं पाणी लागेपर्यंत. त्या पाण्यात पाय सोडून बाबाई वाढते. अळवाच्याच कुळातली, पण पानं माणसाच्या डोक्यावर जातात आणि कंद दहा-दहा वर्षं पोसत राहतो. खालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. समुद्र चढला की साय पातळ होते. हे मी कॉलेजात आकृत्या काढून शिकले. आत्याला ते पाय बुडवून कळतं.

बाबाई कशी पोसायची, कुठली पानं कुजवून घालायची, कुठल्या चंद्राला घालायची, हे प्रत्येक घराचं गुपित. सुनेलासुद्धा पहिलं मूल झाल्यावरच सांगतात. दुसऱ्याच्या खड्ड्यात उतरायचं नाही, वाकून बघायचं नाही, किती रोपं आहेत ते विचारायचं नाही. कोणी खड्ड्यापाशी काम करत असेल तर पुढे जाणाऱ्याने पाठ करून जायचं. मीही याच वळणात वाढले, आणि त्यामुळेच दोन वर्षांपूर्वी माझी मोठी चूक झाली.

तेव्हा पाणी खात्याने मला पहिल्यांदा गावाचे खड्डे मोजायला पाठवलं होतं. मी प्रत्येक खड्ड्याच्या काठावर उभी राहिले, नजर आभाळाकडे ठेवली, दोरीला बांधलेला पेला खाली सोडला, वर ओढला आणि खारेपणा मोजायचं यंत्र त्यात बुडवलं. आकडे सुरेख आले. 'खड्डे सुस्थितीत' असं लिहून दिलं. राजधानीत परतल्यावर तेच आकडे टेबलावर मांडले तेव्हा लक्षात आलं, की एवढं कोरडं वर्ष जाऊनही पाणी आधीपेक्षा गोडं कसं? मग उलगडलं. मी येणार म्हणून लोकांनी टाक्यांतलं पावसाचं पाणी, स्वतःचं प्यायचं पाणी, खड्ड्यांत ओतलं होतं. कुणाचा खड्डा खारा झाला हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून. आणि मी सभ्यपणे वरवरचं पाणी उचललं होतं. साय चाटून दूध चांगलं आहे म्हणाले होते. त्या कागदामुळे नव्या टाक्या दुसऱ्या गावाला गेल्या.

या खेपेला माझ्याकडे लांब काठी होती, तळापर्यंत पोचणारी.

आणि या खेपेला नियमही बदलला होता. ज्या गावाचे निम्म्याहून जास्त खड्डे तळाशी खारे, ते गाव राहण्याजोगं नाही अशा यादीत जाणार. तिथे नवी टाकी नाही, शाळेला नवं छप्पर नाही. लोकांना दुसऱ्या बेटावर, जरा उंच जागी, जमीन. मात्र गावाच्या मानेआबात सगळ्यांनी संमती द्यायला हवी. बिकेराओईच्या मानेआबात, त्या मोठ्या छपराखाली, प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली आहे, आणि शनिवारी तिथे सभा होती. मी पोचले तो सोमवार. गुरुवारी वर्षातलं सगळ्यांत मोठं उधाण.

दोन दिवसांत तीस खड्डे मोजले. माणसं माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, मी काठी सोडत गेले. शेजारच्या रुताने तर डोक्यावरून चटईच घेतली.

"मोज गं, पण बघू नकोस."

"न बघता कसं मोजू, रुताकाकी?"

"तूच शिकलीस ना एवढं? मग एवढंही शिकवलं नाही?"

तिच्या खड्ड्याच्या तळाशी आकडा चौदा हजार आला. अडीच हजारांच्या पुढचं पाणी आम्ही प्यायला नको म्हणतो. भर समुद्रात पन्नास हजार येतात. मी आकडा लिहून वही मिटली. रुता चटईखालून म्हणाली, "वाईट आहे ना? सांगू नकोस. मला पानं दिसतात." पानांच्या कडा करपल्या होत्या.

तिसांपैकी बावीस खारे निघाले.

बुधवारी सकाळी बाउरोंनी मला मानेआबात बोलावलं. गावातले सगळ्यांत वयस्क तेच. पोक काढून बसतात, पण आवाज अजून होडीवरून मारलेल्या हाकेसारखा. त्यांच्या मांडीजवळ संमतीचा कागद होता.

"पोरी, एक सांग. हे पाणी येतं कुठून? इथे तर पाऊससुद्धा धड पडत नाही."

मी सांगितलं. समुद्र तापला की फुगतो, थोडं त्याने. बाकीचं दोन्ही टोकांच्या बर्फातून.

"म्हणजे बर्फवाल्यांचाही समुद्र चढत असेल. त्यांचीही घरं बुडत असतील."

"बर्फाच्या अगदी जवळ चढत नाही, आजोबा. तिथे उतरतो. बर्फाचा डोंगर इतका जड असतो की तो आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. डोंगर वितळला की ओढ संपते, पाणी सुटतं आणि लांब जातं. मधल्या पट्ट्यात जास्त चढतं. आपल्याकडे."

बाउरोंनी छपराकडे पाहिलं. "थोडक्यात, त्यांच्या घरचा पाहुणा कंटाळून उठला आणि आमच्याकडे मुक्कामाला आला."

"हो."

"आणि जायचं नाव घेत नाही."

"माझ्या-तुमच्या हयातीत तरी नाही."

"म्हणूनच मी सही करणार. मला भेकड म्हणतील, म्हणोत. किनारा खचला म्हणून मी बापाची हाडं दोनदा हलवलीत, रोतिया. या हातांनी धुतलीत. तिसऱ्यांदा हलवायची तर एकदाच लांब नेईन." त्यांनी कागद मांडीखाली सरकवला. "तुझी आत्या अडून बसेल. पण तिला बोलता येणार नाही. तिच्या खड्ड्यात काही उरलंय असं वाटत नाही."

हे मात्र खरं होतं, की बाबाई नसेल तर आत्याला सभेत बोलता येणार नव्हतं. मानेआबाची मोठी सभा बसते तेव्हा प्रत्येक घराण्याने स्वतःच्या खड्ड्यातली बाबाई आणायची. ज्या जागेवर बाबाई येत नाही, त्या जागेने ऐकायचं, बोलायचं नाही. आणि जी जागा बोलली नाही तिची संमती धरतात. आमच्या जागेवर आता आत्या एकटी. माझे वडील वारले, भाऊ परदेशी जहाजांवर. मी राजधानीची झाले, म्हणजे सभेपुरती पाहुणीच.

घरी येऊन मी आत्याला बाउरोंचं बोलणं सांगितलं. ती माडी गाळत होती. हात थांबले नाहीत.

"काही उरलं नाही म्हणाला?"

"वाटत नाही, म्हणाले."

"त्याला वाटतं! चल. काठी घे."

केवड्याच्या मागे सहा पायऱ्या उतरून आम्ही खाली गेलो. बाकीचा खड्डा उजाड होता. मधोमध एकच रोप उभं होतं, पानं माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, हिरवीगार. पण ते खड्ड्याच्या तळात नव्हतंच. केवड्याच्या पानांची विणलेली एक जाड टोपली होती, बाजेएवढी रुंद, आणि ती रचलेल्या दगडांच्या ओट्यावर, माझ्या कमरेच्या उंचीला. पाणी टोपलीच्या बुडाला जेमतेम टेकत होतं.

"अकरा वर्षांची आहे," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाला पोचवलं त्या आठवड्यात लावली. पाणी चढलं की पहारीने एक कड उचलते, खाली दगड सारते. मग दुसरी कड. प्रत्येक मोठ्या उधाणाला थोडी. ती वर येते, मुळं टोपलीतच राहतात. आता मोज."

तळाला अकरा हजार. टोपलीतल्या मातीत तेराशे.

मी दोनदा पुसून पुन्हा मोजलं. तेराशेच.

"काय लिहिशील?"

"फॉर्मवर तळाचाच आकडा विचारलाय, आत्या. तुझा खड्डा खाऱ्यातच जाणार."

मला वाटलं ती चिडेल. ती पहार पुसत राहिली. "जाऊ दे. खारा आहे तर खारा लिही. खोटं लिही म्हणून मी तुला कधी सांगितलंय? पण माझी बाबाई जिवंत आहे, आणि शनिवारी ती मानेआबात जाणार. मग मी बोलणार. तोवर ही वाट तू पाहिली नाहीस, ही टोपली पाहिली नाहीस."

गुरुवारी दुपारी चार वाजल्यापासून पाणी चढायला लागलं. वारा पश्चिमेचा, नको त्या बाजूचा. पाचला लाटा बांधावरून रस्त्यावर आल्या आणि रस्ता ओलांडून आतल्या बाजूला वाहू लागल्या. मी आणि आत्या खड्ड्यात होतो. काठावरून पाण्याचे लोट घसरत येत होते. पाणी टोपलीच्या बुडावर चार बोटं चढलं, मग वीतभर.

आत्याने पहार घातली. दोघींनी जोर लावला. टोपली हलली नाही. माती भिजून ती दुप्पट जड झाली होती.

"पुन्हा!"

पुन्हा लावला. आत्याचा पाय सटकला, ती छातीपर्यंत पाण्यात बसली. उठली, पुन्हा पहार धरली. मी यंत्र पाण्यात बुडवलं. तळाला तीस हजार. टोपलीत सतराशे, आणि आकडा चढत होता.

"दोघींचं काम नाही हे. रुताकाकीला बोलावते."

"बोलावलंस तर या घरात परत पाऊल टाकू नकोस."

"अकरा वर्षं आहेत त्यात, आत्या!"

"म्हणूनच! अकरा वर्षं कुणाला दिसली नाहीत ती आज दाखवू?"

मी पायऱ्या चढून धावत गेले. आत्याने मागून मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

रुताचा खड्डा तोवर पुरा भरला होता. ती दारात नुसती उभी होती. मी सांगितलं तशी दोन्ही सुनांना हाक मारून निघाली. केवड्यापाशी आल्यावर मात्र तिघी थांबल्या. रुताने डोळे घट्ट मिटले. सुनांनीही मिटले. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, अशी रांग करून त्या पायऱ्या उतरू लागल्या.

"तोआकाई, मी येतेय! काही बघत नाहीये!"

"रुता, ते माझं डोकं आहे!"

"मग बाजूला हो की! मला काय दिसतंय?"

धाकट्या सुनेने टोपली समजून मलाच उचलायला घेतलं. थोरली पाण्यात आडवी झाली आणि उठली तेव्हाही डोळे मिटलेलेच. आत्या क्षणभर त्या तिघींकडे पाहत राहिली. केस तोंडावर चिकटलेले, हात हवेत चाचपडणारे. मग ओरडली:

"उघडा गं डोळे! शिष्टाचार करता करता बुडून मराल!"

रुताने एक डोळा उघडला. मग दुसरा. टोपली पाहिली, खालचा ओटा पाहिला, आणि त्या धबडग्यातही तिच्या तोंडून निघालं, "अगंबाई. उचलून ठेवलीस होय!"

"नंतर कौतुक कर. ती कड धर."

पाच जणींनी टोपली एक वीत वर घेतली. एकेक कड, एकेक दगड. सहा वाजता पाणी उतरायला लागलं तेव्हा आम्ही ओट्याला टेकून बसलो होतो. टोपलीतला आकडा दोन हजार शंभरावर थांबला होता.

"बुडाची वीण सैल आहे तुझी," रुता म्हणाली. "म्हणून आत झिरपलं. आमच्यात बूड दुहेरी विणतात, मध्ये नारळाची—" आणि तिने तोंडावर हात ठेवला. घराचं गुपित तिच्या तोंडून जवळजवळ सुटलं होतं. आत्या हसायला लागली. खूप दिवसांनी मी तिला अशी हसताना पाहिली.

शनिवारी मानेआबात एकेक घर आपली बाबाई घेऊन येत होतं. भाजलेली, पानात गुंडाळलेली. बहुतेकांची मुठीएवढी, वर्ष-दीड वर्षाची, अर्ध्यात काढलेली. लोक ती पटकन ठेवून त्यावर पान झाकत होते. आमची जागा रिकामी होती. बाउरोंनी कागद पुढे घेतला.

तेवढ्यात दक्षिणेकडून आठ बायका आल्या. दोन लांब वाशांवर टोपली, टोपलीत अख्खं जिवंत रोप. छपराची कड खाली असते, म्हणून पानं वाकवून आत घ्यावी लागली. पुढे आत्या, मागे रुता. टोपली आमच्या जागेवर टेकली तशी तिच्यातून पाणी निथळून चटयांवर पसरलं आणि बाउरोंना गुडघे उचलावे लागले.

"तोआकाई," ते म्हणाले, "सभेला बाबाई भाजून आणतात."

"भाजलेली आज खाऊन आज संपते. नियम काय आहे? स्वतःच्या खड्ड्यातली आण. आणली. मारूनच आण असं कुणी म्हटलंय?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाउरोंनी त्या दिशेला पाहिलं, मग रोपाकडे. पानांवरून नजर खाली टोपलीपर्यंत आणली. "बोल," ते म्हणाले.

"रोतिया, किती खड्डे खारे?"

मी उभी राहिले. "एकतीसपैकी तेवीस."

मानेआबात माणसं एकमेकांकडे वळून पाहू लागली. आजवर प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच खड्डा खारा आहे.

"त्यात माझा आहे?"

"आहे. तळाला अकरा हजार होता, गुरुवारी तीस. टोपलीत तेराशे होता, आता दोन हजार शंभर."

"ऐकलंत? तेवीस. आणि आपण पाठ करून उभे होतो, प्यायचं पाणी खड्ड्यात ओतत, एकमेकांना फसवत. समुद्राला फसवता आलं नाही कुणाला. तो सगळ्यांच्या खड्ड्यात वाकून बघतोच आहे. मग मी रुतापासून काय लपवू?" ती टोपलीपाशी बसली. "ही मी अशी पोसते. नीरफणसाची पिवळी पडलेली पानं, चिरून, तीन दिवस वाळवून. अमावास्येनंतर घालायची. आणि त्यात गंजलेलं लोखंड, ठेचून. हे आमच्या आजीने सांगितलं आणि आमच्या घराबाहेर कधी गेलं नाही."

बाउरोंचा आवाज चढला. "लोखंड? हे तुला कुणी सांगितलं?"

"म्हटलं ना, आजीने."

"ते आमचं आहे! माझ्या बापाने युद्धातल्या मोडक्या होडीचा पत्रा—"

"आमच्यातही लोखंडच," उत्तरेकडच्या जागेवरून एक जण म्हणाला.

"आमच्यातही."

"आम्ही डबे घालतो. गोमांसाचे रिकामे डबे."

रुता म्हणाली, "माझ्या सासूने मला शपथ घालून सांगितलं होतं. खिळे!"

हसू आधी बायकांच्या बाजूने आलं, मग छपरभर झालं. प्रवाळाच्या मातीत लोह नसतं, त्यामुळे पानं पिवळी पडतात. हे मला पुस्तकात वाचावं लागलं होतं. इथे प्रत्येक घराने ते स्वतः शोधलं आणि एकमेकांपासून तीन पिढ्या लपवून ठेवलं.

बाउरो हसले नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबले. "टोपली उचलून समुद्र थांबेल का, तोआकाई? पोरीला विचार. किती चढणार?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला गोड बोलता आलं असतं. "आत्ता जन्मलेली मुलं म्हातारी होतील तेव्हा गुडघ्याएवढं," मी म्हणाले. "कदाचित जास्त. ते बर्फ किती टिकतं त्यावर आहे. थांबणार नाही."

"गुडघ्याएवढं," आत्या म्हणाली. "म्हणजे अडीच विती. त्याहून उंच ओटा मी एकटीने रचलाय."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर जी बाई इथे बसली असेल ती ठरवेल. तिच्या वतीने मी आज 'हो' म्हणणार नाही. तुम्ही जा, दादा. बापाची हाडं घेऊन जा, मी होडीपर्यंत पोचवायला येईन आणि रडेनही. ज्याला जायचंय त्याने जावं. पण 'बिकेराओई राहण्याजोगं नाही' या वाक्याखाली माझ्या जागेचं नाव येणार नाही. बर्फ ज्यांनी वितळवलं त्यांना आपण सोपं करून द्यायचं नाही. आम्ही इथे आहोत, खड्डे खारे आहेत, टाक्या हव्यात. हे लिहा."

बाउरोंनी कागद उचलला. तो खालून ओला झाला होता. त्यांनी तो झटकला, घडी घातली आणि कमरेला खोचला. "सगळ्यांची संमती नाही," एवढंच ते म्हणाले. गाव यादीत गेलं नाही.

रात्र व्हायच्या आत टोपली पुन्हा ओट्यावर गेली. मी फॉर्म भरला. एकतीस खड्डे, तेवीस खारे, एकही आकडा न बदलता. मग पट्टी घेऊन कडेला एक नवा रकाना आखला, 'टोपलीतील खारेपणा', आणि त्यात एक आकडा लिहिला, तीस घरं रिकामी ठेवली. खालच्या कोऱ्या जागेत दोन वर्षांपूर्वीची माझी चूक लिहिली आणि सही केली. छापील फॉर्ममध्ये रकाने वाढवायचे नसतात. परत आला तर पुन्हा आखीन.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी निरोप घ्यायला खड्ड्याकडे गेले. खाली सात-आठ बायका होत्या. रुता नव्या टोपलीचं बूड विणत होती आणि आत्याच्या विणीला नावं ठेवत होती. काठावर बाउरो उभे होते. हातात गंजक्या पत्र्याचा तुकडा, आणि पाठ खड्ड्याकडे. सवयच ती.

"एवढा मोठा तुकडा टाकू नका गं," ते समोरच्या झाडाला सांगत होते. "आधी ठेचा. नखाएवढा करा."

"दादा," आत्या खालून ओरडली, "केवड्याला शिकवताय की आम्हाला? वळा इकडे."

त्यांनी पत्रा दुसऱ्या हातात घेतला. मग काठी टेकत वळले, आणि वाकून आत पाहिलं.